हरल्यावर गेम आपल्याशी कसा वागतो?

नळस्टॉप_सिग्नल · शनिवार, रात्री ११.२०

आजचाच प्रसंग. कन्येला (वय ११) हौसेने मूळचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लावून दिला होता, १९८९ चा. शनिवारी रात्री पोळ्यांची पाळी माझी असते, म्हणून मी आत तव्यापाशी. दहा मिनिटांत हॉलमधून "ईईई!" आलं. जाऊन बघतो तर राजपुत्र त्या दातेरी पात्यांत सापडून कमरेपासून दोन तुकडे. पात्याला रक्त. कन्या माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच ढकललं त्याला.

"बाबा, चुकली माझी उडी. पण मग नुसतं ‘परत खेळ’ म्हणायचं ना. एवढं कशाला दाखवायचं?"

उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात पोळी करपल्याचा वास आला म्हणून सुटलो.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. हाच गेम मी शाळेत असताना काकाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर खेळलोय. त्या पात्यांत शेकडो वेळा मेलो असेन आणि दर वेळी पोटात कसंतरी व्हायचं. मारिओ मेला की तो वर उडी मारतो, स्क्रीनच्या खाली निघून जातो, ती धून वाजते, आपल्याला ढिम्म काही वाटत नाही. मग ह्याचंच का वाटायचं? कारण मोठेपणी कळलं. जॉर्डन मेकनरने हा गेम करताना आपल्या धाकट्या भावाला पळायला, लटकायला, उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं. त्यामुळे कडेला लटकलेला तो चार ठिपक्यांचा बाहुला खरोखरच्या माणसासारखा लटकतो. खाली सुळ्यांवर पडतो तेव्हाही माणूसच पडतो.

आता खरं सांगतो. मला आयुष्यात सगळ्यात लागलेलं हरणं हे नव्हेच. ते ‘डक हंट’मधल्या कुत्र्याचं. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात एकाच घरी टीव्ही व्हिडिओ गेम होता, सोबत प्लास्टिकची बंदूक. नेम चुकून बदक सुटलं की गवतातून तो कुत्रा वर यायचा, तोंडावर पंजे ठेवून खीखी करायचा आणि परत खाली. मामेभाऊही त्याच सुरात हसायचा. मी शेवटी बंदूक टीव्हीच्या काचेला टेकवून त्या कुत्र्यावर झाडायला लागलो. काही होत नाही! घरच्या कॅसेटमध्ये त्याला गोळी लागतच नाही. आर्केडच्या, म्हणजे पार्लरमधल्या कॉइनच्या मशीनच्या, अवतारात एका बोनस फेरीत म्हणे लागायची. हे चाळिशीत वाचलं तेव्हासुद्धा बरं वाटलं.

तर माझं मत असं की रक्त-बिक्त, सुळे, पाती हे तीन-चार वेळा बघितलं की त्याचं भय मरतं. हरल्यावर कुणी हसलं तर ते वीस वर्षं जात नाही. तुमची हरणी सांगा.

उगाच_एक · शनिवार, रात्री ११.२६

पोळ्या एकूण किती करपल्या?

नळस्टॉप_सिग्नल · शनिवार, रात्री ११.२७

एकच. ती मी खाल्ली.

दोन_रुपयेवाला · रविवार, रात्री १२.०५

कन्येला सांगा, दाखवायचं कारण एकच : गल्ला.

साल ९५ असेल. कॅम्पात एका बोळात पार्लर होतं. आत अंधार, घामाचा वास, त्यावर उतारा म्हणून उदबत्ती. दोन रुपयाला एक कॉइन. सगळी गर्दी ‘मुस्तफा’ला. (त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे हे आम्हाला नोकरीला लागल्यावर कळलं.) पण दाराजवळ एक जुनं मशीन होतं, ‘निन्जा गायडन’चं. घरगुती कॅसेटवाला नव्हे, आर्केडचा, १९८८ चा. त्यात हरलात की हिरो आडवा बांधलेला दिसतो आणि वरून गोल करवत गरगरत खाली यायला लागते. बाजूला आकडे उलटे चाललेले. नऊ, आठ, सात... कॉइन टाकलंत तर सुटला. नाही टाकलंत तर करवत आली.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. चौदा वर्षांचं पोरगं मशीन सोडून गल्ल्याकडे धावतंय. गल्ल्यावरचे काका, देव त्यांचं भलं करो, सुटे मोजतायत. एक... दोन... मुद्दाम. मागून पोरं ओरडतायत, "आली, आली, छातीपर्यंत आली!" ‘फायनल फाइट’मध्ये हेच, फक्त करवतीऐवजी डायनामाइट आणि त्याची जळत जाणारी वात. अहो, हे मरण दाखवणं नव्हेच. ही वसुली आहे.

एकदा माझ्याकडे फक्त पीएमटीचे पैसे उरले होते. करवत बघून तेच दिले. परत उभा राहिलो आणि अर्ध्या मिनिटात परत मेलो. कॅम्पातून सहकारनगर, पाठीला दप्तर, चालत. घरी आईने जे दाखवलं त्यापुढे करवत काहीच नव्हती.

सुलभा_आजी_म्हणू_नका · रविवार, सकाळी ६.४०

दोन रुपयेवाले, तुमचं पटलं. आमच्या क्रशमध्ये तेच चालतं.

मी रोज कँडी क्रश खेळते. आयुष्यं पाच. एक गेलं की भरून यायला अर्धा तास. पाचही घालवली की अडीच तास गप्प बसा, नाहीतर पैसे काढा. आणि हरण्याची तऱ्हा बघा. दर वेळी एका चालीने हरायचं. समोर दिसतंय, आता ही जेली फुटली की झालं, आणि चाली संपल्या. लगेच पाच जास्तीच्या चालींचं ताट पुढे येतं. रक्त नाही, करवत नाही, सगळं गुलाबी.

मी ३४ वर्षं बँकेत कॅश काउंटरला काढली. पैसे मागताना माणूस कुठला चेहरा करतो ते मला कळतं.

आजवर एक रुपया दिलेला नाही. फोनचं घड्याळ पुढे करते, आयुष्यं भरून येतात. गेल्या महिन्यात घड्याळ परत मागे करायला विसरले आणि भिशीला दीड तास आधी जाऊन पोचले. जिच्याकडे भिशी होती ती बिचारी अजून केस पुसत होती.

दोन_रुपयेवाला · रविवार, सकाळी ८.१५

काकू, साष्टांग दंडवत.

सुलभा_आजी_म्हणू_नका · रविवार, सकाळी ८.१७

काकूही नको.

विंगेतून · रविवार, सकाळी १०.३०

नाटकवाला आहे, गेम फारसे खेळत नाही, पण कन्येचा प्रश्न आमच्याकडे दोन हजार वर्षं जुना आहे. नाट्यशास्त्रात भरताने यादीच दिलीय : युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला वेढा पडणं ह्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात. म्हणजे दोन दुय्यम पात्रं येऊन सांगतील, "ऐकलंस का, तो गेला." भासाने ‘ऊरुभंगा’त हे सरळ मोडलं, मांड्या फुटलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोर मरतो. पण ते मोडणं इतकं ठळक की आजही दाखला म्हणून तेच नाटक निघतं.

‘दाखवू नये’मागचं शास्त्र पंडितांनी सांगावं. रंगमंचावर रोज मरणारा नट म्हणून मला एवढंच माहीत आहे की मेलेल्याचं पोट हलतं. एका प्रयोगात मी तलवार लागून पडलो, संगीत थांबलं, एकदम गंभीर शांतता. पहिल्या रांगेतून एक पोर म्हणालं, "आई, ते काका श्वास घेतायत." अख्खं थिएटर हसलं आणि पुढची सात मिनिटं मला तसंच पडून राहायचं होतं.

भाचीने ‘हेडीस’ नावाचा गेम दाखवला, २०२० चा. त्यात नायक पाताळातून पळायचा प्रयत्न करतो, मरतो, आणि रक्ताच्या कुंडातून बापाच्याच महालात वर येतो. दारात निद्रेचा देव हातात यादी घेऊन उभा. तो वाचून सांगतो की ह्या खेपेला तुम्हाला अमक्याने मारलं, पुढच्या वेळी जरा जपून. आत मोठ्या टेबलामागे बाप बसलेला, तो मान वर न करता टोमणा मारतो. मी भाचीला म्हटलं, अगं हा तर प्रवेशक! मरण झालं बाजूला, त्याची बातमी सांगणारा समोर. गंमत म्हणजे ती त्या बापाचं पुढचं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून एकदा मुद्दाम मेली.

एक फरक मात्र आहे. आमच्याकडे नट मरतो आणि प्रेक्षक बघतो. इथे ज्याच्या हातून मरण झालं तोच ते बघत बसलेला. भरताला ही सोय माहीत नव्हती.

उगाच_एक · रविवार, सकाळी १०.४१

भरतमुनी ऑनलाइन आले. ऐवज आवरा.

कोरा_कागद · रविवार, दुपारी १२.१०

मी शिक्षिका आहे आणि घरात बंदुकीचे गेम बंद आहेत, हे आधीच सांगते. पण थोरल्याचा एक किस्सा.

तो अकरावीत असताना ‘धिस वॉर ऑफ माइन’ खेळायचा. पोलंडच्या लोकांनी २०१४ मध्ये केलेला, सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात तुम्ही सैनिक नसता, पडक्या घरात अडकलेली साधी माणसं असता. एका रात्री ह्याने औषधं आणि खाणं हवं म्हणून एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून सगळं उचलून आणलं. त्यांनी प्रतिकारसुद्धा केला नाही, नुसते विनवत राहिले. गेमने शिक्षा काय दिली? काही नाही. ‘हरलात’ वगैरे काही आलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याचा माणूस खचत गेला. आधी कामाला नाही म्हणायला लागला, मग नुसता बसून राहायला लागला.

आमचा मुलगा त्या दिवशी जेवायला आला तो गप्प. मला वाटलं कॉलेजात काही झालं. खोदून विचारल्यावर म्हणाला, "मी एका आजी-आजोबांचं खाणं चोरलं." मी हातातला डाव खाली ठेवला. खरंच कुणाचं चोरलं असंच वाटलं मला!

नंतर वाचलं की पोलंड सरकारने २०२० मध्ये हा गेम शाळांच्या शिफारस यादीत घेतला. आमच्या स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "मग पेपर तपासायचा कसा?"

रॅगडॉल · रविवार, दुपारी ३.५५

पोटापाण्यासाठी माणसं पाडतो. बाणेरला ॲनिमेटर आहे, बाहेरच्या कंपन्यांच्या गेमचं काम येतं. नळस्टॉप, तुमचं ‘तीन-चार वेळा बघितलं की भय मरतं’ हे आमच्याकडे भिंतीवर लावलेलं नाही एवढंच, बाकी सगळं काम त्याच्याशीच भांडण्याचं.

मरण दोन तऱ्हांनी करतात. एक, हाताने बनवलेलं : गुडघे कसे मुडपतील, हात कुठे जाईल, सगळं ठरलेलं. दुसरं, जीव गेला त्या क्षणी शरीर फिजिक्सच्या हवाली करायचं, मग ते जसं पडेल तसं. त्यालाच रॅगडॉल म्हणतात, चिंध्यांची बाहुली. हाताने केलेलं पहिल्यांदा फार भारी दिसतं आणि दहाव्यांदा तेच ते. रॅगडॉल दर वेळी वेगळं, पण त्याला लाज नसते. गंभीर प्रसंगात माणूस मरतो आणि एक पाय दारात अडकून फडफडत राहतो. विंगेतून, तुमचं पोट हलतं, आमचा पाय हलतो.

एका कामासाठी एका पहारेकऱ्याची अकरा मरणं हवी होती. त्यासाठी आधी खरी पडझड शूट करून बघतो. ऑफिसच्या गच्चीवर गादी टाकली आणि मी अकरा तऱ्हांनी पडलो, सहकारी मोबाइलवर शूट करतोय. सहाव्या पडण्याला खालून सिक्युरिटीचे काका धापा टाकत वर आले, हातात पाण्याची बाटली. त्यांना वाटलं कुणाला तरी ॲटॅक आला. सगळं समजावल्यावर म्हणाले, "पण साहेब, पहारेकरी असा पडत नाही. आधी टोपी सांभाळतो." तो टोपीचा हात आम्ही घेतला. कामात सगळ्यात आवडलेलं मरण तेच.

आता कन्येच्या प्रश्नाबद्दल. मेल्यापासून परत उभं राहीपर्यंत किती वेळ घ्यायचा, इथे खरी मारामारी असते. २०१३ च्या ‘टूम्ब रेडर’मध्ये नदीच्या लोंढ्यात चुकलात तर फांदी नायिका लाराच्या गळ्यातून आरपार जाते आणि कॅमेरा तिथेच थांबतो. मला ते अति वाटतं, आणि तिथे चुकायला तर फार सोपं आहे. उलट टोक म्हणजे २०१० चा ‘सुपर मीट बॉय’. करवतीत गेलात की फच्च, आणि पापणी लवायच्या आत परत सुरुवातीला. रडायला वेळच नाही. पण पातळी पार केली की तुमचे सगळे प्रयत्न एकदम दाखवतो. पन्नास वेळा मेला असाल तर पन्नास मीट बॉय एकाच वेळी धावत सुटतात, एकेक करून गळत जातात आणि शेवटी एकच पोचतो. हरण्याची वरात आहे ती. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा टाळ्या वाजवल्या, एकटाच घरी होतो.

अवांतर : पुण्यातच तयार झालेला ‘राजी’ (नॉडिंग हेड्स, २०२०) कन्येला दाखवा. धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी आहे. मी त्या टीममध्ये नव्हतो, आधीच सांगतो, नाहीतर जाहिरात म्हणाल.

कॉटबेसिस · रविवार, रात्री ९.१५

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, मूळचा बीडकडचा. स्पर्धा परीक्षा करतो, त्यामुळे ह्या विषयात आमचा अनुभव दांडगा. यूपीएससीला खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न, ओबीसीला नऊ. आमच्या खोलीत त्याला सरळ ‘लाइफ’च म्हणतात. "तुझ्या किती लाइफ उरल्या?"

तुम्ही सगळे हरणं फार दाखवतात म्हणताय. आमचं हरणं सांगतो. निकालाची पीडीएफ येते. ती मोबाइलवर उघडायची, शोधायच्या खिडकीत नंबर टाकायचा. आतलं चक्र फिरतं. मग कोपऱ्यात येतं : ०/०. बस. ना लाल अक्षरं, ना धून, ना कुत्रा हसतो. आपण परत नंबर टाकतो, वाटतं एखादा आकडा चुकला असेल. परत ०/०. खाली मेसवाल्याची घंटा वाजत असते.

म्हणून मला ‘डार्क सोल्स’ आवडतो (रूममेटचा लॅपटॉप, रात्री अकरानंतर). मेलात की स्क्रीन काळवंडते आणि मधोमध मोठ्या लाल अक्षरांत येतं, तुम्ही मेलात. निदान तोंडावर सांगतो तरी. आणि तोवर जमवलेले सोल्स, म्हणजे त्यातली कमाई, मेलात त्या जागी पडून राहतात. परत तिथपर्यंत गेलात तर उचलून घ्यायचे. वाटेत परत मेलात तर ते कायमचे गेले. पहिल्या वेळी मी चार तासांची कमाई एका पुलावर सांडून ठेवली होती आणि ती आणायला जाताना त्याच्या अलीकडेच पडलो. खोलीत सगळे झोपलेले, म्हणून उशीत तोंड घालून ओरडलो.

बाकी खोलीत बीजीएमआय चालतो, पबजीचाच भारतीय अवतार. पबजी २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला तेव्हा आमच्या मजल्यावर सुतक होतं. पुढच्या जुलैत हा आला, तर रक्त हिरवं आणि ‘किल’च्या जागी ‘फिनिश’. दोन दिवस हसलो, तिसऱ्या दिवशी सवय झाली. त्यातलं खरं मरण हिरवं-लाल नसतंच. आपण मेलो की उरलेल्या दोस्तांचा खेळ बघत बसता येतं. ते पळतायत, गाडी चालवतायत, आणि आपण त्यांच्या खांद्यामागून बघतोय. आमच्या चौघांतले दोघे गेल्या वर्षी निघाले. एक सध्या प्रोबेशनवर आहे, फोटो टाकतो. मी आणि रूममेट बघतो.

दोन_रुपयेवाला · रविवार, रात्री ९.४०

भावा, कितव्या मजल्यावर आहेस? शनिवारी चहा माझ्याकडून.

कॉटबेसिस · रविवार, रात्री ९.४४

तिसऱ्या. लिफ्ट नाही. पूर्वपरीक्षेनंतर या.

दोन_रुपयेवाला · रविवार, रात्री १०.१०

ठरलं. आता नळस्टॉपच्या कुत्र्याला उत्तर. हसणाऱ्यांचा बादशहा २०१४ च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’मध्ये आहे. त्यात एखाद्या फालतू ऑर्कने, म्हणजे राक्षसी शिपायाने, तुम्हाला मारलं तर त्याला बढती मिळते! नाव मिळतं, पद मिळतं, अंगावर चिलखत चढतं. पुढच्या वेळी भेटला की ओळखतो, म्हणतो, तूच ना तो, तुला तर मी मारला होता. माझा एक ऑर्क असा माझ्याच जिवावर चार पायऱ्या चढला. ऑफिसात आपल्या चुकीवर दुसऱ्याचं प्रमोशन झालेलं बघितलंय ना, अगदी तसं. ह्या पद्धतीचं पेटंट २०२१ मध्ये वॉर्नरवाल्यांना मिळालं. म्हणजे असा खुन्नस धरणारा शत्रू आता दुसऱ्या कुणी करायचा तर वकील आधी बघणार. कुत्र्याचं हसणं पेटंट केलं नाही तेवढं नशीब.

नळस्टॉप_सिग्नल · रविवार, रात्री १०.३५

माझं कालचं मत थोडं हललंय, कोरा कागदबाईंमुळे. हसणाऱ्यापेक्षा वाईट म्हणजे आपल्या चुकीचं दुसऱ्याला भोगायला लागणं.

‘सेकिरो’ खेळताना (२०१९) हे झालं होतं, विसरलो होतो. त्यात नायकाला मेल्यावर परत उठायची शक्ती आहे. मला वाटलं, वा, चैन. मेलो, उठलो, मेलो, उठलो. एका बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, तर मोजणं सोडलं. मग मूर्ती कोरत बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे परत गेलो तर तो खोकत होता. आधी दुर्लक्ष केलं. मग दुसरं पात्रही खोकायला लागलं. गेमने सांगितलं की हा आजार तुमच्या वारंवार मरण्यातून पसरतोय. उतारा आहे, पण मोजका. त्या रात्री मी पहिल्यांदा जपून खेळलो. कानात तो खोकला. आमचे अण्णा शेवटच्या वर्षी आतल्या खोलीत असेच खोकायचे आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

असो. कन्येला आता काय खेळायला द्यावं? सुळे आणि पाती नकोत.

रॅगडॉल · रविवार, रात्री १०.५०

‘मंकी आयलंड’, १९९०. रॉन गिल्बर्ट आणि मंडळींचा. त्या काळात सिएरा कंपनीच्या साहसगेममध्ये पावलापावलाला मरण असायचं. चुकीच्या जागी पाय टाकला, मेलात, वर एक खवचट वाक्य. ह्यांनी ठरवलं, आपल्याकडे खेळणारा मरणार नाही. एका ठिकाणी हिरो कड्यावरून पडतो आणि अगदी सिएराच्या थाटात खिडकी येते की संपलं, आता पहिल्यापासून सुरू करा, गेम सेव्ह केला होता ना? काळजात धस्स होतं. दोन सेकंदांनी पठ्ठ्या खालून उसळून परत कड्यावर. म्हणतो, खाली रबराचं झाड होतं.

मरायची जागा अख्ख्या गेममध्ये जवळपास एकच. त्याला एका जड मूर्तीला बांधून पाण्यात टाकतात. भोवती चाकू, तलवारी पडलेल्या, सगळ्या हाताच्या जरा पलीकडे. सुटका अशी सोपी आहे की सांगत नाही. पण त्याने आधीच बढाई मारलेली असते की मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. खरोखरची दहा मिनिटं काही न करता बसलात तर काय होतं ते कन्येसोबत बघा.

सुलभा_आजी_म्हणू_नका · रविवार, रात्री १०.५८

घड्याळ पुढे करून चालेल का?

नळस्टॉप_सिग्नल · मंगळवार, रात्री १०.२०

बघितलं.

कन्येला मूर्ती उचलून चालत वर यायचं हे चार मिनिटांत कळलं होतं. (हो, तेवढंच करायचं असतं. मला कॉलेजात असताना दोन दिवस लागले होते.) पण दहा मिनिटांचं सांगितल्यावर ती म्हणाली, थांबूया. स्वयंपाकघरातला टायमर आणून टेबलावर ठेवला. दोघं सोफ्यावर. पाण्यात तो आणि मूर्ती, बाकी काही नाही. पाचव्या मिनिटाला ती स्वतः श्वास रोखायला लागली, अठ्ठावीस सेकंद टिकली. सातव्याला म्हणाली, "आपण त्याला वाचवू शकतो आणि बसलोय नुसते." मी म्हटलं, वाचव मग. माउसवर हात ठेवला आणि काढून घेतला. आठवं. नववं. टायमर वाजला.

तो खरंच मेला. हिरवा पडला. आणि खाली जिथे ‘उचल’, ‘ढकल’, ‘बोल’ असले हुकूम असतात, तिथे ‘तरंग’, ‘फूग’, ‘सड’ असे शब्द आले, आणि एक ‘मदतीचं पुस्तक मागव’. कन्येने एकेक दाबून बघितला. ‘सड’वर दोनदा. मग हळूच म्हणाली, "ह्याने काहीच नाही केलं बाबा. आपण बसलो म्हणून मेला." आणि लगेच, "परत लाव, आता मी त्याला पाचव्या सेकंदाला काढते."

एवढ्यात वास आला. बायको जाताना सांगून गेली होती, दुधाकडे बघ. गॅस बारीक ठेवला होता, म्हणजे मला तसं वाटत होतं.

उगाच_एक · मंगळवार, रात्री १०.२३

किती गेलं?

नळस्टॉप_सिग्नल · मंगळवार, रात्री १०.३१

लिटरातलं अर्धं. उरलेलं भांड्याच्या बुडाला. बर्नर काढून, खालची ताटली काढून, ओट्याच्या फटीतून चाकूच्या टोकाने साय खरवडत होतो तेव्हा मागे बघितलं. कन्या दारात उभी होती, दोन्ही हात तोंडावर, खांदे हलतायत. ‘डक हंट’ तिने जन्मात बघितलेला नाही.